दोन छपरांचं ऊन

कांद्याच्या लागणी चालू आहेत, पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्यात, म्हणून आज सोलरच्या हिशोबाचं लिहितो. हा हिशोब मी शेतात बसून नाही, मुंबईत शिवाजी पार्कला एका गच्चीवर उभा राहून बघितला.

तिथं माझी मावशी राहते. मैदानाच्या मागच्या गल्लीत जुनी तीन मजली बिल्डिंग. सोसायटीने गच्चीवर पॅनेल बसवली, पण मधोमध पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली, त्यामुळे सगळी एका तोंडाने बसली नाहीत. निम्मी पूर्वेला कललेली, निम्मी पश्चिमेला. आमच्या घरी नेमकं हेच आहे. घराच्या पत्र्यावर 3 किलोवॅट पूर्वेला, गोठ्याच्या पत्र्यावर 3 किलोवॅट पश्चिमेला. पत्र्याचा उतार जिकडं, तिकडंच पॅनेल. आणि आमचा जुन्नर तालुका आणि दादर दोन्ही 19 अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे ऊन पडायचा कोन जवळपास सारखाच. मावसभावाने उद्याच्या उत्पादनाचा अंदाज जुळवलाय असं कळल्यावर मी मागच्या महिन्यात दोन दिवस मुद्दाम जाऊन आलो.

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी खालच्या टाकीत येतं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. हे चढवणं दिवसात कधीही केलं तरी चालतं. मग ते कडक उन्हात का करू नये, एवढाच त्याचा प्रश्न. खरं सांगू का, त्याच्यासाठी हा निम्मा छंद आहे. त्यांना बेस्टची वीज आणि नेट मीटर. जास्तीची युनिट बिलातून वळती होतात, पंप कधीही चालवला तरी मोठा फरक पडत नाही.

आपलं तसं नाही. आमच्याकडे नेट मीटर नाही, बॅटरी छोटी, आणि विहिरीवरची 3 एचपीची मोटर सुमारे 3 किलोवॅट ओढते. दोन्ही छपरं मिळून तेवढं देणार असतील तर कांद्याला दिवसा पाणी. नाहीतर रात्रीच्या लाईटवर बॅटरी हातात घेऊन बांधावर जायचं. बिबट्यांचं निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात माणिकडोहला आहे, यावरून काय ते समजा. उद्या किती वाजेपासून किती वाजेपर्यंत 3 किलोवॅटच्या वर मिळेल, हे आदल्या रात्री कळणं आम्हाला गरजेचं आहे.

आता मुद्दा. त्यांच्या गच्चीवर बसवून देणाऱ्याने अंदाजाच्या ॲपमध्ये सगळा संच एकच म्हणून टाकला होता, दिशा 180. या ॲपात उत्तर 0, पूर्व 90, दक्षिण 180, पश्चिम 270. 90 आणि 270 ची सरासरी 180, म्हणजे दक्षिण. कागदावर बरोबर, पण गच्चीवर एकही पॅनेल दक्षिणेला बघत नाही! डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. तेव्हा 15 अंश कललेलं दक्षिणमुखी पॅनेल भर दुपारी पूर्व-पश्चिमवाल्यांपेक्षा साधारण पाचवा हिस्सा जास्त देतं. ॲप तेवढं जास्त दाखवायचं आणि सोसायटीचे लोक पॅनेल खराब निघाली म्हणायचे. पॅनेल ठणठणीत होती.

मावसभावाने होम असिस्टंट नावाची प्रणाली एका छोट्या कॉम्प्युटरवर चालवलीय. त्यात फोरकास्ट डॉट सोलरच्या दोन वेगळ्या नोंदी केल्या. प्रत्येकीला स्वतःचा उतार, स्वतःची दिशा, स्वतःची क्षमता. मग तासातासाचे आकडे घेऊन बेरीज. युनिटची बेरीज होते, वॅटची होते, पण 'आज सर्वांत जास्त कधी' या वेळेची बेरीज होत नाही. आत्ता डिसेंबरात पूर्वेचा कळस साडेअकराच्या सुमारास, पश्चिमेचा पावणेदोनच्या जरा आधी, आणि दोन्ही मिळून साडेबाराच्या थोडं पुढे. दोन्ही संच सारखे म्हणून मधोमध आलं. एक मोठा, एक लहान असता तर मोठ्याकडे सरकलं असतं. (घड्याळाच्या बाराला सूर्य डोक्यावर येतो हे मनातून काढा. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला. फेब्रुवारीत दादरला मध्यान्ह 12:50 ओलांडून होते.)

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं नसतं, कारण बिल्डिंगच्या पश्चिमेला नवा टॉवर उभा राहिलाय. तीननंतर त्याची सावली पश्चिमेच्या पॅनेलवर येते. हे ॲपला कुठून कळणार? त्याने तीन आठवडे दोन्ही संचांची अंदाज आणि प्रत्यक्ष अशी ताशी नोंद ठेवली. पूर्वेचं जवळपास जुळत होतं. पश्चिमेचं तीन ते चार या तासात निम्म्याहून कमी येत होतं. त्याने एकूण आकड्याला कात्री लावली नाही. तशी लावली असती तर सकाळचा चांगला आकडाही उगाच कमी झाला असता. आधी ज्या संचाचा ज्या तासाचा दोष, तिथं दुरुस्ती, मग बेरीज. दोन प्लॉटची पाण्याची गरज वेगळी असताना एकच सरासरी काढून पाळी लावली तर काय होतं, ते कृषी सहाय्यकांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मी त्याच्याशी वाद घालून पक्की केली. दोन संच आहेत म्हणून एकाची चूक दुसरा झाकेल असं धरू नका. ढग आला की दोन्ही छपरांवर एकदमच येतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग दुपारनंतरच दाटतात, म्हणजे मार पश्चिमेच्या संचाला जास्त. त्यामुळे बेरजेवर सूट ठेवायचीच. मी 3 किलोवॅटची मोटर असली तरी अंदाजात साडेतीन दिसल्याशिवाय दिवसाची पाळी धरत नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात: दोन दिशांची पॅनेल एकाच मालिकेत जोडू नका, इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर घ्या. आणि इन्व्हर्टर 5 किलोवॅटचा असेल तर बेरीज कितीही येवो, 5 च्या वर मोजू नका.

आमच्याकडे आता दोन नोंदी झाल्यात. सध्या साधारण साडेदहा ते तीन मोटर उन्हावर निघते आणि दोन वाफ्यांचं पाणी दिवसा उरकतं. पश्चिमेचा आकडा साडेतीननंतर पडतो, कारण गोठ्यामागची चिंच. फांदी छाटली तर अर्धा-पाऊण तास वाढेल. वडील नको म्हणतात, गायी दुपारी तिच्याच सावलीला असतात. मीही फार आग्रह धरलेला नाही. त्या तासांना अंदाजातच कपात लावलीय.