नग मोजून घ्या

होल्डॉल बांधणं हे आमच्या घरी बाबांचं खातं होतं. त्यात दुसऱ्या कोणाची लुडबुड चालायची नाही. खाकी कॅनव्हासचा तो लांबरुंद ऐवज ओटीवर उलगडायचा, त्यात आधी सतरंजी, मग चादरी, वर आजीची गोधडी, दोन्ही टोकांच्या खिशांत उशा आणि टॉवेल, आणि उशांच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला. मग गुंडाळायला सुरुवात. बाबा गुडघा रोवून पट्टा ओढायचे आणि आम्हा भावंडांपैकी जो जड असेल त्याने वर बसायचं. पट्टा शेवटच्या भोकात गेला, बाबांनी कपाळावरचा घाम पुसला, की नेमकी तेव्हाच आई आतून विचारायची, "अहो, टॉवेल त्यातच घातलात का? माझी आंघोळ व्हायचीये अजून."

दर मे महिन्यात अकोल्याहून कोल्हापूरला, आजोळी. महाराष्ट्र एक्सप्रेस. एक दुपार, एक रात्र आणि पुन्हा दुपार. भुसावळ, मनमाड, नगर, दौंड, पुणे, सातारा, मिरज असा अर्धा महाराष्ट्र ओलांडून. आजच्या मुलांना वाटतं, एका रात्रीसाठी एवढं अंथरूण कशाला? तर दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे तेव्हा नुसती लाकडी फळी होती. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात दोन इंची फोमच्या गाद्या आणल्या. सगळ्या गाड्यांपर्यंत त्या पोचायला वेळ लागला, पण होल्डॉलचे दिवस भरायला सुरुवात झाली ती तिथून. पुढे नव्वदच्या दशकात वातानुकूलित थ्री टियर आलं, त्यात चादर, उशी, कांबळं रेल्वेचंच. आमचा होल्डॉल माळ्यावर गेला आणि पुढे त्यात दिवाळीचे आकाशकंदील राहू लागले.

होल्डॉल हा एक नग. नग हा शब्द घरात एरवी कोणी वापरायचं नाही. प्रवासाला निघालं की मात्र प्रत्येकाच्या तोंडी तोच. पत्र्याची ट्रंक, तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने बाबांचं नाव आणि 'अकोला'. एक सुटकेस. वेताची टोपली, फराळाची पिशवी, पाण्याची सुरई, डालड्याचे डबे. रिक्षातून उतरल्यावर नग मोजायचे, हमालाच्या डोक्यावर चढवताना मोजायचे, डब्यात बाकाखाली ढकलून साखळी-कुलूप घातल्यावर मोजायचे. दौंडला इंजिन फिरून गाडीचं तोंड उलटं व्हायचं, तेव्हा मध्यरात्री झोपेतून उठून बाबा पुन्हा मोजायचे. आम्ही मुलंही त्या मोजणीत असायचो की काय, अशी मला शंका आहे.

निघायचा दिवस मात्र रेल्वे ठरवत नसे, आजी ठरवायची. कोल्हापूर दक्षिणेला, आणि गुरुवारी दक्षिणेचा दिशाशूल. आरक्षण नेमकं गुरुवारचंच मिळालं तर? त्यालाही शास्त्रात सोय होती. बुधवारीच चांगली वेळ पाहून आजी एका कापडात सुपारी, तांदूळ, हळकुंड आणि एखादं धुतलेलं वस्त्र बांधायची आणि ते गाठोडं समोरच्या देशमुखकाकूंकडे नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. म्हणजे कागदोपत्री आमचा प्रवास बुधवारीच सुरू झालेला असायचा. गुरुवारी आम्ही फक्त काकूंकडचं गाठोडं उचलून पुढे निघायचो. देवाला असं कायद्याच्या चौकटीत राहून चकवणं मला अजूनही फार हुशारीचं वाटतं.

आईचं खातं शिदोरीचं. त्यात बराच हिशेब होता, तो मोठेपणी कळला. पहिल्या संध्याकाळी खायची ती पोळी आणि कोरडी बटाट्याची भाजी, कारण अकोल्याच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत ती रात्र काढणार नाही. सकाळसाठी दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ. शिवाय आजीच्या सोवळ्यात पाण्यात भिजवलेली पोळी गाडीत चालत नसे, दुधातली चालायची. सोबत तेलातला भुरका, लसणाचा वास अख्ख्या डब्यात. तिखटमिठाच्या पुऱ्या मधल्या भुकेसाठी. आणि गाडी चार-पाच तास लेट झालीच तर शेवटची फळी म्हणून चिवडा. गाडी वेळेवर पोचली की तो चिवडा तसाच मामाच्या घरी जायचा आणि मामी म्हणायची, "अगंबाई, एवढं कशाला केलंस!"

हे सगळं करायला आई आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत कढईपुढे असायची. सकाळी उठून घर आवरायचं, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगायचं, तुळशीचं पाणी शेजारी सोपवायचं, आणि मग गाडीत बसल्यावर पहिल्या तासाभरात तिला जी झोप लागायची ती थेट भुसावळ मागे टाकेपर्यंत. हौसेने आम्ही दशम्यांची आठवण काढतो. ती काढत नाही. परवा भुसावळला आमच्या सीटवर मोबाइलवरून मागवलेलं गरम जेवण आलं तेव्हा तिने नातवाला विचारलं, "हे आधी कुठे होते रे?"

पाण्याची जबाबदारीही तशीच. सुरई खिडकीच्या आत, आणि बाहेरच्या गजाला छागल. जाड कॅनव्हासची ती पिशवी भरली की सतत पाझरायची, वारा लागून आतलं पाणी गार राहायचं. त्याला कापडाचा वास यायचा. मनमाडला गाडी थांबली की बाबा तांब्या घेऊन उतरायचे, नळापाशी रांग, आणि इकडे शिट्टी झाली की आई खिडकीच्या गजांना नाक लावून. विकतच्या पाण्याची बाटली सर्रास झाल्यापासून हे नाट्य संपलं.

खरी गंमत सामानात काय असायचं यात नव्हती, कोणाचं असायचं यात होती. निम्मे नग आमचे नसतच. डालड्याच्या एका डब्यात कुरड्या, मामीसाठी. दुसऱ्यात सरगुंडे, मावशीसाठी. कोल्हापुरात ते कोणी करत नाही. पाच किलो तूरडाळ, कारण अकोल्याची डाळ. देशमुखकाकूंची मुलगी सांगलीला दिलेली, तिच्यासाठी जुन्या नऊवारीच्या तुकड्यात शिवून बंद केलेलं पुडकं. आत काय ते काकूंनी सांगायचं नाही, आईने विचारायचं नाही. मिरजेला जावई फलाटावर येऊन ते घेऊन जायचे, आणि त्यांना कळावं म्हणून आमचा डबा क्रमांक काकूंनी आधीच कार्डावर लिहून टाकलेला असायचा. आम्ही आजोळी निघालोय ही बातमी आळीत पसरली की 'जाताच आहात तर' या तीन शब्दांनी सुरू होणारी माणसं दारात उभी राहत. परतीला हेच उलट: गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणी, आणि कोणाच्या तरी पायाचं माप कागदावर काढून दिलेलं, त्या मापाची कोल्हापुरी चप्पल. ते पाय बाबा खिशात घेऊन हिंडायचे.

तिकिटाचंही तसंच. जायचं आरक्षण अकोल्यात खिडकीवर मिळायचं, परतीच्या बर्थसाठी कोल्हापूरला तार जायची आणि उत्तर येईपर्यंत परत येणं दैवाधीन. संगणकाचं आरक्षण १९८६ साली दिल्लीत सुरू झालं. कुठूनही कुठलंही तिकीट काढता यायला नव्वदचं दशक संपावं लागलं. आता साठ दिवस आधी सकाळी आठला फोन घेऊन बसायचं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लिस्ट पाहून उठायचं. ही प्रगतीच आहे, पण आमच्याकडे तिचं कौतुक फारसं होत नाही.

आता माझी एक चाकांची बॅग. ती मी अर्ध्या तासात भरते. कपडे, औषधांचा डबा, चार्जर, दुसरा चार्जर, पॉवरबँक. विसरलं तरी बिघडत नाही, टूथब्रशपासून स्वेटरपर्यंत सगळं जिथे जाऊ तिथे मिळतं. दूध ॲपवर थांबवते. कुरड्या कोल्हापुरात दुकानात मिळतात, कोल्हापूरची चटणी अकोल्यात. जाताच आहात तर असं आता कोणी म्हणत नाही, कारण कुरिअर आहे. आणि खरं सांगायचं तर कोणी म्हटलं तर माझ्याही कपाळावर थोडी आठी येईल. बिल्ला लावलेले हमाल लाल सदऱ्यात जिन्यापाशी उभे असतात, आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोरून खडखडत चाकं ओढत जातो. रेल्वे शयनयानात माणशी चाळीस किलो सामान फुकट नेऊ देते. माझ्या बॅगेचं वजन त्याच्या चौथ्या हिश्शाइतकंही भरत नाही, आणि त्यात दुसऱ्या कोणाचं काहीही नसतं.

जुनी बांधाबांध मला हल्ली सापडली ती वहिनीकडे. ती लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाली आहे. महिनाभर हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत, प्रत्येकी तेवीस किलोच्या हद्दीत, आणि हातात लटकवायचा डिजिटल काटा. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, बाळासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी. लेकीच्या मैत्रिणीच्या आईने आणून दिलेला गोडा मसाला, मैत्रिणीच्या सासूने दिलेलं चांदीचं वाळं. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. म्हणून खोबरं किसून, भाजून लाडवातच गेलं आहे. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाई दुबईला निघाल्या होत्या, त्यांना वहिनीनेच बजावलं की खसखस नेऊ नका, तिकडे बंदी आहे. वाहतुकीच्या कायद्यांत ती आता आजीइतकी तरबेज झाली आहे.

काल पुन्हा वजन केलं तेव्हा एक बॅग चोवीस किलोच्या वर निघाली. दादा म्हणाला, भाजणी काढ, तिकडे इंडियन स्टोअर आहे. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या दोन सिल्कच्या साड्या काढल्या, काटा पुन्हा लावला, आणि उरलेल्या तीनशे ग्रॅममध्ये काय बसेल असं मला विचारू लागली. मी म्हटलं, तीळकूट. ती म्हणाली, "दोन पुड्या कर. एक तिच्या शेजारणीला."