मैदानाबाहेरचा मास्तर

आमच्या घरात फुटबॉल हा शब्द तक्रारीच्या सुरातच निघतो. धाकट्या भावाने बी.पी.एड. केले, एका शाळेत तासिका तत्त्वावर लागला आणि सहा वर्षे तिथेच आहे. जितके तास तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. पाहुणे आले की अम्मी माझ्याकडे बोट दाखवून सांगते, ‘‘ही शाळेत शिकवते.’’ आणि त्याच्याविषयी विचारले की म्हणते, ‘‘तो पोरांना खेळवतो.’’ शिकवणे आणि खेळवणे यांत आमच्या घराने एवढे अंतर ठेवले आहे.

यंदा ते अंतर मिटवायचे घाटत होते. मामूंनी मानकोलीच्या एका गोदामात त्याच्यासाठी सुपरवायझरची जागा पाहून ठेवली होती. बांधलेला पगार, पी.एफ., वर दिवाळीला बोनस. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. मामूंचे काही चुकत होते असेही नाही. अब्बांचा चार लूमचा कारखाना होता. २०१६ ची नोटबंदी आणि पाठोपाठ २०१७ चा जीएसटी, यांतून तो सावरला नाही आणि लूम भंगाराच्या भावाने गेले. भिवंडीत अशी घरे गल्लोगल्ली आहेत. जिथे भातखाचरे होती तिथे गोदामे उभी राहिली, आणि शेते कापून झाल्यावर पोरे जिथे चेंडू मारायची त्या जागाही त्यांच्याखाली गेल्या.

खरे म्हणजे फुटबॉल आमच्या घरात दादांनीच आणला. तरुणपणी ते मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जात. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो कप जिंकला, त्या दिवसांच्या गोष्टी ते मरेपर्यंत सांगत. खेळाडूंपेक्षा त्यांना मैदानाबाहेर उभ्या असणाऱ्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांचे जास्त कौतुक. रहीम साहेब उस्मानियाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. उर्दू शरीफ स्कूलसारख्या शाळांत त्यांनी मुलांना शिकवले. त्याच मास्तरांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्त्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. त्या वेळी त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा सिनेमा आला तेव्हा भावाने सगळ्या संघाला स्वतःच्या पैशाने थिएटरात नेले. त्या महिन्याचे विजेचे बिल मी भरले.

तर जुलैत सुब्रतो चषकाचे शहर पातळीवरचे सामने लागले. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालते. शहरातून विभाग, विभागातून राज्य, आणि राज्यातून दिल्ली. आमच्या पोरांना दिल्लीचे तिकीट दूरच, विभागापर्यंत पोहोचले तरी मोहल्ल्यात मिठाई वाटली जाईल. भाऊ म्हणाला, ‘‘आपा, एक बार तो देखने आ. घर से कोई नहीं आता.’’ शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी रिक्षा केली आणि धामणकर नाक्याच्या टावरे स्टेडियमवर गेले.

पायरीवर मी एकटीच बाई. मुलांच्या आया घरी होत्या, बाप लूमवर. शेजारच्या मुंब्र्यात २०१२ साली ‘परचम’च्या मुली ओढणी सावरत फुटबॉल खेळायला उतरल्या, सुब्रतो चषकात मुलींचा गटही त्याच साली आला. भिवंडीतल्या आयांनी निदान पायरीवर तरी बसायला काय हरकत आहे, असे मनात आले. पण शनिवार दुपार म्हणजे पाण्याची वेळ. नळ सोडून कोण येणार?

पाऊस मधूनच झोडपत होता. गोलसमोर नुसता चिखल. आमच्या दोघा-तिघांच्या बुटांचे तळवे सुतळीने बांधलेले. समोरचा संघ उंचापुरा, एका रंगाचे मोजे घातलेला.

मला वाटले होते भाऊ ओरडेल. लूमच्या गावात सगळेच मोठ्याने बोलतात, आमचे घरही त्याला अपवाद नाही. पण तो लाईनीबाहेर गप्प उभा होता. फक्त हात हलत होते. तळहात खाली दाबला की मुले चेंडू धरून ठेवत, दोन बोटे बाजूला गेली की खेळ त्या अंगाला वळे. मध्यंतरात मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आपा, यांच्यातले अर्धे लूमच्या खोलीत वाढलेत. तिथे आवाज कुणाला ऐकू येतो? बाप हाताने सांगतो, पोरगा डोळ्यांनी ऐकतो. मी नवीन काही शिकवलं नाही.’’ मी बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ करून मार्क मिळवले होते.

कप्तान नववीतला, सडपातळ. रात्री वडिलांच्या लूमवर कांड्या भरतो, असे भावाकडून कळले. उत्तरार्धात रेफरीने एक थ्रो समोरच्यांना दिला. तो पोरगा हात मागे बांधून रेफरीसमोर गेला आणि म्हणाला, ‘‘सर, शेवटचा पाय त्यांचा लागला होता. तुम्ही लाईनवाल्या सरांना विचारा ना.’’ मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. नववीच्या मुलांकडून ‘मला रजा मिळावी’ एवढा अर्ज लिहून घेताना माझा घसा बसतो. आणि इथे आडनाव अन्सारी, घरची बोली भोजपुरी, आणि मराठी अशी स्वच्छ! रेफरीने लाईनवाल्याला विचारले आणि थ्रो बदलून दिला. पायरीवर मी टाळ्या वाजवल्या त्या चेंडूसाठी नव्हे, त्या ‘ना’साठी.

सामना १-१ राहिला आणि टायब्रेकर लागला. शेवटची किक कप्तानाची. ती बारवरून गेली. आम्ही ४-३ ने हरलो.

पोरगा चिखलात बसून राहिला. कुणी पाठ थोपटत होते, कुणी तोंड फिरवून उभे. भाऊ त्याच्याकडे गेला, काही बोलला नाही, बॉलची जाळी त्याच्यापुढे टाकली. रोज ती जाळी तोच उचलतो. थोड्या वेळाने त्याने ती खांद्यावर घेतली आणि बाकीचे त्याच्या मागे निघाले. भावाने एकेकाला थांबवून रिक्षाचे पैसे आहेत का ते विचारले. दोघांकडे नव्हते.

परतताना रिक्षात मी मामूंचा विषय काढला. महिना संपायला चार दिवस होते. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. मांडीवर ओली वही उघडून तो मुलांच्या नावांपुढे जन्मतारखा तपासत होता.

‘‘सतरा वर्षांखालच्या गटात,’’ तो म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी यातले सात जण बसतात, आपा. कप्तान पण बसतो.’’