जिन्याचा दिवा

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत आणि दिवा एकच. त्या एका दिव्याला बटणे मात्र दोन: एक खाली देवघराच्या भिंतीला, दुसरे वर माडीच्या दाराशी. लहानपणी आम्हां भावंडांना या बटणांचे मोठे वेड होते. ताईने वरून दिवा लावला की मी खालून मालवायचा. मी लावला की तिने मालवायचा. एकदा ती दुधाचा पेला घेऊन जिन्याच्या मध्यावर आली असताना मी बटण दाबले. पेला गेला, दूध गेले आणि ताईचा गुडघा फुटला.

नानांनी त्या दिवशी मला मारले नाही. मेन बंद करून त्यांनी बोर्डाचे झाकण काढले आणि आतल्या तारा दाखवल्या. म्हणाले, "या बटणांत चालू आणि बंद असं काही नसतंच. दोघांच्या मध्ये दोन तारा आहेत. दोन्ही बटणांचा कौल एकाच तारेला पडला की दिवा लागतो. म्हणजे दिवा दोघांचा. आणि जिन्यात माणूस असताना बटणाला हात लावायचा नाही."

नाना गेले, ताई सासरी गेली, मी नोकरीसाठी सांगलीला आलो. साताऱ्याला आई एकटी. गेल्या आषाढात पहाटे ती शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. मला कळले दुसऱ्या दिवशी, तेही शेजाऱ्यांकडून. दिवा का लावला नाही, असे विचारले, तर म्हणाली, "पंधरा पायऱ्यांसाठी कशाला दिवा?"

तेव्हा मी एक स्मार्ट रिले विकत आणला. काडेपेटीएवढी डबी; पण ती बोर्डात बसली की घरातल्या वायफायवरून, सव्वाशे किलोमीटरवरच्या सांगलीतून, साताऱ्याचा दिवा लावता येतो. रिले हा शब्द विजेच्या आधीपासून डाकेच्या घोड्यांचा. दमलेला घोडा चौकीवर थांबे आणि ताज्या दमाचा घोडा पुढची मजल मारी. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास विजेच्या बाबतीत हीच युक्ती केली. लांबच्या तारेतून दमत आलेला क्षीण प्रवाह एका लोहचुंबकाला जागे करी आणि तो चुंबक दुसऱ्या ताज्या प्रवाहाचे दार उघडी. आमची डबी त्याच घराण्यातली.

आमचे जुने वायरमन मदतीला आले. खालच्या बोर्डात न्यूट्रल नव्हतीच. जुन्या कामात बटणाकडे फेज तेवढी नेत आणि न्यूट्रल परस्पर दिव्याला देत. वरच्या बोर्डात मात्र प्लगसाठी दोन्ही तारा आल्या होत्या. एकाच फ्यूजवरचे काम आहे याची खात्री करून त्यांनी डबी तेथे बसवली. वरच्या बटणातून दिव्याकडे जाणारी तार सोडवून डबीच्या कानाला लावली आणि दिव्याची तार डबीच्या तोंडाला. बटणे होती तेथेच राहिली. पूर्वी ती वीज नेत, आता नुसता निरोप देतात. कोणतेही बटण हलले की डबी दिव्याची स्थिती पालटते. वायफाय गेले तरी बटणे चालतात.

आई खालच्या पायरीवर बसून हे सारे पाहत होती. तिचे माहेर पाटणकडचे. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. धरण तिच्या तालुक्यात. पण पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे पोफळीला उतरे, तेथे वीज होई आणि मुंबईकडे जाई. तिच्या गावात दिवे यायला पुढे बरीच वर्षे गेली. ती एवढेच म्हणाली, "दिवा एकीकडे आणि बटण दुसरीकडे, हे आम्ही पाहिलेलं आहे."

मी हसलो. सांगलीला परतल्यावर रोज पहाटे फोनवर दिवा लागलेला दिसे आणि मी निश्चिंतपणे कूस बदली. पुढे पुढे तर त्या फोनचा मला अभिमानच वाटू लागला. एका रात्री साडेदहाला पाहिले, तर दिवा चालूच. आई विसरली असेल, असे समजून मी विश्रामबागेतल्या घरी अंथरुणात पडल्या पडल्या तो मालवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काल जिन्यात होते, तर दिवा गेला. रस्त्यावर वीज होती रे. मग मी तिथंच पायरीवर बसले. नंतर भिंत धरून बसत बसत उतरले."

मी काय उत्तर देणार? ताईचा फुटलेला गुडघा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तेव्हा खाली उभे राहून मला निदान ताई दिसत होती. आता फोनवर दिवा दिसत होता, माणूस दिसत नव्हते. "आई, तो मीच मालवला," मी म्हणालो.

ती रागावली नाही. थोडी थांबून तिने विचारले, "तुझा दिवा मला दिसेल का?"

नानांनी सांगितलेली गोष्ट मी विसरलो होतो. दिवा दोघांचा असायचा, तर दोन्ही टोकांना सारखा हक्क हवा. मी तिसरे बटण लावले होते, तेही फक्त माझ्या टोकाला. तेव्हापासून फोनवरून दिवा लावायचा, मालवायचा नाही, असा नियम मी घालून घेतला. दिवाळीत दुसरी डबी आणली आणि सांगलीच्या आमच्या जिन्यात बसवली. तिची खूण आईच्या फोनवर दिसते.

आता मला यायला उशीर झाला, की जिन्यातला दिवा आधीच लागलेला असतो. कुलूप उघडतो न उघडतो तोच फोन वाजतो. "आलास? जेवलास का?" दिवा मात्र ती तिथून कधी मालवीत नाही. जिन्यात कोण असेल सांगता येत नाही, असे तिचे म्हणणे.