कित्ता

कचेरींत चौतीस वर्षें ज्यांनीं नोंदवह्या लिहिल्या, त्यांस ‘कित्ता’ ह्या शब्दाविषयीं प्रेम वाटावें हें स्वाभाविकच आहे. वरच्या ओळींतील मजकूर पुन्हां लिहिण्याचे श्रम वांचतात, आणि पान कसें नीटनेटकें दिसतें! परंतु ह्याच शब्दानें गेल्या वर्षीं परदेशांत आमची मान खालीं घातली, ती हकीकत वाचकांस सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत असतात. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या नादानें त्यांनीं तेथें नेमबाजी आरंभिली, व पाठोपाठ काडतुसें घरींच भरण्याची विद्याही उचलली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आमच्या पुण्याच्या वेशीवर आहे, तरी काडतुसाचें अंतरंग आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस बनवितां येत नाहीं. तेथें स्वतःच्या वापरापुरतीं तीं भरण्यास सामान्यतः परवाना लागत नाहीं. “बाबा, बसल्या बसल्या वही तरी लिहा,” असें चिरंजीव म्हणाले, आणि आम्ही गॅरेजमध्यें खुर्ची ओढून बसलों.

काम दिसावयास सोपें. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी मूळ आकारावर आणावयाची, बुडाशीं ठिणगी देणारी नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची, आणि शेवटीं तोंडांत गोळी दाबून बसवावयाची. खरी मख्खी ह्या शेवटल्या कृतींत आहे. दाबयंत्राच्या साच्यांत एक दांडा असतो. तो गोळीच्या नाकास टेकून तिला खालीं ढकलतो. दांड्याचा स्क्रू आंत फिरविला तर गोळी खोल जाते, बाहेर फिरविला तर वर राहते. प्रथम ती थोडी वरच ठेवावयाची, कॅलिपरनें मोजावयाची, पुन्हां किंचित् फिरवावयाचें, आणि माप जुळलें म्हणजे नट आवळावयाचा. हें माप इंचाच्या हजाराव्या भागांत असतें.

इतक्या सूक्ष्मपणाचें कारण म्हातारबुवांनीं आम्हांस समजावून दिलें. दारू तितकीच राहिली आणि गोळी खोल गेली, तर पेटलेल्या दारूच्या वायूस आरंभीं जागा कमी मिळते. माणसें तींच, पण घरांतील एक खोली कमी झाली, म्हणजे काय होतें हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको! पिस्तुलाच्या चिमुकल्या काडतुसांत तर हा दाब झपाट्यानें चढतो. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची पुंगळीच मुळीं ०.७५४ इंच लांब. तींत तीसचाळीस हजारांशांचा फरक म्हणजे थोडा नव्हे. पुंगळी फाटून पिस्तूल हातांत फुटावें, बोटें-डोळे जावे. बरें, गोळी फार वर ठेवूनही भागत नाहीं. संपूर्ण काडतूस १.१६९ इंचांहून लांब असूं नये असें प्रमाण आहे. त्यापुढें तें मॅगझिनमध्यें अडावयाचें, किंवा गोळी नळींतील आट्यांस आधींच टेकून दाब वाढवावयाची.

त्या दिवशीं पुस्तकांतून घेतलेलें माप १.१५० इंच होतें. पहिलीं तीन काडतुसें आम्हीं स्वतः मोजलीं. तीं तंतोतंत भरलीं. मग चिरंजीवांचा हात चालूं लागला, आणि आमची लेखणीही. चौथें, कित्ता, पांचवें, कित्ता. मध्यें गोळ्यांची पेटी संपली, दुसरी उघडली गेली. पन्नास काडतुसें झालीं तेव्हां वहीचें पान मोत्यांसारखें दिसत होतें.

सायंकाळीं म्हातारबुवा आले. वहीकडे न पाहतां त्यांनीं शेवटचें काडतूस उचललें, कॅलिपरमध्यें धरलें, आणि त्यांची मुद्रा बदलली. १.११५! दुसऱ्या पेटींतील गोळीचें नाक निराळ्या घडणीचें होतें. दांडा जागचा न हलतांही ती खोल जाऊन बसली होती. फरक एक मिलिमीटरचाही नव्हता.

“हीं सगळीं मोजलीं कोणीं?” त्यांनीं विचारलें. चिरंजीवांनीं आमच्याकडे पाहिलें. दुसऱ्या दिवशीं रविवार. बाप-लेक मैदानावर जावयाचे होते, आणि आमचा नातू अवघा बारा वर्षांचा. वहीचें पान आमच्या बाजूनें साक्ष देण्यास तयार होतें. एक होकार पुरला असता.

“तीनच मोजलीं,” आम्ही म्हणालों.

म्हातारबुवा रागावले नाहींत. त्यांनीं पन्नासही काडतुसें मोजावयास लाविलीं. एकोणीस बरोबर, एकतीस खोल. मग घरून हातोड्यासारखें एक पोकळ साधन आणलें. त्यांत काडतूस अडकवून लांकडावर ठोकलें म्हणजे झटक्यासरशीं गोळी पुंगळींतून सुटते. रात्रीं दहापर्यंत आम्ही तिघे ठोकीत बसलों होतों. दर ठोक्यास आमचा एकेक कित्ता बाहेर पडत होता.

नातू मैदानावर गेला आणि सुखरूप परत आला. असो. परंतु तेव्हांपासून एक विचार मनांतून जात नाहीं. चौतीस वर्षांत वरची ओळ पाहून आणि खालची वस्तु न पाहतां आम्हीं किती कित्ते लिहिले असतील, आणि त्यांचें फळ कोणास भोगावें लागलें असेल? काडतुसें उकलून पुन्हां भरतां आलीं. त्या वह्या आतां आम्हांस कोण उघडूं देणार?