केपटाऊनचे तिकीट

खालाचा फोन आला तेव्हा अम्मी मगरिबची नमाज आटोपून जानमाजवरच बसली होती. केपटाऊनहून खाला आठवड्यातून एकदा फोन करतेच, त्यात नवीन काही नव्हते. पण त्या दिवशी ती म्हणाली, "आपा, आता आठवड्याला तीनदा डायलिसिस असतं. माझं तिकडं येणं आता व्हायचं नाही." फोन ठेवल्यावर अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "बाय, मला एकदा तिला बघायचंय."

खाला अम्मीची सर्वांत धाकटी बहीण. १९९४ साली, म्हणजे नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, लग्न होऊन ती तिकडे गेली. केपटाऊन आम्हा कोकणी मुसलमानांना तसे परके नाही. आजच्या रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली माणसे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बोटीने तिकडे गेली, दुकानांत राबली आणि तिथेच रुजली. तिथल्या काही घरांत अजून आपली कोकणी बोली ऐकू येते. आमच्या आजोबांच्या काळात 'करंजा' आणि 'कंपाला' ही जहाजे मुंबईहून पूर्व आफ्रिकेची बंदरे घेत डर्बनपर्यंत जात. आता विमान आहे. पण विमान म्हटले की आमच्यासारख्या घरात पहिला प्रश्न पैशांचाच येतो.

मी उर्दू शाळेत शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी शिकवते. माझी भिशी लागणार होती, थोडी बचत होती, भावाने काही रक्कम देऊ केली. दोन तिकिटे त्यातून बसवायची होती. दिवाळीच्या सुट्टीला चार महिने होते. ते एका परीने बरे झाले. डिसेंबरमध्ये तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी असते आणि भाडे चढते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत आखातातून ये-जा करणाऱ्यांची गर्दी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यातल्या त्यात मधला काळ, आणि केपटाऊनला तेव्हा वसंत ऋतू असतो.

विमानांचे मला काही कळत नव्हते. म्हणून शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला आणि मुंबईपासून केपटाऊनपर्यंत दोरा ताणून पाहिला. सरळ अंतर सुमारे ८ हजार २०० किलोमीटर भरते. पण सरळ जाणारे विमान नव्हते. साउथ आफ्रिकन एअरवेजचे मुंबई-जोहान्सबर्ग विमान २०१५ मध्ये बंद झाले. त्यामुळे वाटेत कुठेतरी उतरून दुसरे विमान धरणे भाग होते. एमिरेट्सने गेलो तर दुबई, कतार एअरवेजने दोहा, इथिओपियनने अदिस अबाबा, केनिया एअरवेजने नैरोबी. दुबईवरून गेल्यास साधारण साडेनऊ हजार किलोमीटर होतात, अदिस अबाबावरून नऊ हजारांच्या आसपास. आखातातून जाणे म्हणजे आधी वायव्येला जाऊन मग खाली दक्षिणेला उतरणे. शिवाय तिथून केपटाऊनपर्यंत एका बैठकीत साडेनऊ-दहा तास बसावे लागते. अदिसवरून प्रवासाचे जवळपास दोन सारखे तुकडे पडतात, एक सहा तासांच्या आतबाहेर आणि दुसरा सात तासांच्या आतबाहेर. अम्मी ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. तिच्यासाठी हा फरक मोठा होता.

पण मी आधी पाहिले ते भाडेच. सर्वांत स्वस्त जोडणी दोन वेगळ्या तिकिटांची निघाली : एका कंपनीने जोहान्सबर्गपर्यंत, तिथून तिकडच्या देशांतर्गत विमानाने केपटाऊन. माणशी नऊ हजार रुपये वाचत होते, म्हणजे दोघींचे अठरा हजार. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. तेवढ्यात मामेभावाला विचारले. तो कामानिमित्त तिकडे जाऊन आलेला. त्याचे पहिले विमान तीन तास उशिरा पोचले आणि पुढचे निघून गेले. तिकिटे वेगवेगळी असल्यामुळे पुढच्या कंपनीने जबाबदारी घेतली नाही. रात्र विमानतळावर काढून त्याला सकाळी दुप्पट भावाने नवे तिकीट घ्यावे लागले. "मी तरणा होतो, निभावलं," तो म्हणाला. "फुफीला बाकावर झोपवशील का?"

त्याच्याकडूनच आणखी एक गोष्ट कळली. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असला, तरी जोहान्सबर्गला पहिल्यांदा त्या देशात शिरलात की सामान तिथेच ताब्यात घ्यावे लागते, कस्टममधून न्यावे लागते आणि केपटाऊनच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हा व्याप टाळलेला बरा. म्हणून मी ठरवले की बाहेरच्या देशातून थेट केपटाऊनलाच उतरणारे विमान घ्यायचे, आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर करायचा. मग वाटेत उशीर होऊन पुढचे विमान चुकले, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

त्यानंतर दुसरा मोह समोर आला. अदिस अबाबामार्गेच, पण सोळा तासांच्या थांब्याचे तिकीट सहा हजारांनी स्वस्त होते. शिवाय इतका लांब थांबा असला की कंपनी हॉटेल देते, असेही कळले. अम्मीला आडवे व्हायला मिळेल, म्हणून मी खूश झाले. आमच्या डॉक्टरांना सहज सांगितले, तर त्यांनी विचारले, "यलो फीवरच्या लसीचं काय?"

हा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचा धोका असलेले देश गणले जातात. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबून येणाऱ्याकडे दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. परत येताना आपलाही नियम कडक आहे. विमानतळाच्या आतच थांबलेल्याला सूट मिळू शकते, पण हॉटेलसाठी बाहेर पडलेल्याकडे दाखला हवाच. नाहीतर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की तिचा दाखला जन्मभर चालतो. तरुणांना ती घ्यायला सहसा अडचण नसते. पण साठीच्या पुढे या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ती घेऊ नये. आमच्या डॉक्टरांनी अम्मीची प्रकृती पाहून स्पष्ट नको म्हटले. सहा हजार वाचवायला गेले असते आणि अम्मीला विमानतळावरूनच परत आणण्याची वेळ आली असती.

शेवटी इथिओपियनचेच, पण जाता-येता दोन-अडीच तासांच्या थांब्याचे तिकीट घेतले. सर्वांत स्वस्त तिकिटापेक्षा ते महाग होते आणि आखातातल्या विमानांपेक्षा त्या आठवड्यात स्वस्त. पैसे भरण्याआधी एक-एक गोष्ट वहीत लिहून तपासली. तारीख बदलली तर किती पैसे कापतात? खालाच्या तब्येतीचा भरवसा नव्हता, म्हणून हे पाहणे गरजेचे होते. सामान किती नेता येते, दोन बॅगा की एक, आणि प्रत्येकीचे वजन किती? तिकिटावरच्या वेळा त्या त्या देशाच्या असतात. केपटाऊन आपल्या साडेतीन तास मागे, अदिस अडीच तास मागे. हा हिशेब केल्याशिवाय प्रवास खरोखर किती तासांचा हे कळत नाही. अम्मीसाठी व्हीलचेअर आधी नोंदवली, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. 'मुस्लिम मील' हेही आधीच नोंदवावे लागते, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचे, ही शिकवण आपण मुलांना देतो. त्या दोन महिन्यांत माझीच उजळणी झाली.

पहाटे मुंबई सोडली. फज्र विमानातच, खुर्चीवर बसून अदा केली. अदिस अबाबाला उतरलो तेव्हा ऊन वर आले होते. हे शहर दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, हवा गार होती. व्हीलचेअर ढकलणारा तरुण हसतमुख होता. मी अम्मीला म्हटले, "अम्मी, हा हबशा आहे." तिला क्षणभर खरे वाटले नाही. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान ज्या देशात आसऱ्याला आले, जिथल्या नज्जाशी बादशहाने त्यांना परत पाठवायला नकार दिला, तो हा मुलूख. आणि आम्ही कुठले? जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यातले. सिद्दी मूळचे इथलेच, म्हणून आमच्या भागाला जुनी माणसे हबसाण म्हणत. अम्मी त्या मुलाकडे बघून म्हणाली, "याला विचार, आई आहे का घरी." मी इंग्रजीत विचारले. आहे, म्हणाला. अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी केपटाऊनला उतरलो. सामान तिथेच मिळाले, कुठे धावाधाव नाही. खाला दारात उभी होती. खूप वाळली होती. दोघी बहिणी काही बोलल्याच नाहीत, फक्त एकमेकींचे हात धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी खालाचे डायलिसिस होते. अम्मी सकाळी उठून तयार झाली आणि मशीनशेजारच्या खुर्चीवर चार तास बसली. गावातली कोणाची मुलगी कोणाकडे दिली, कोणाच्या विहिरीला पाणी नाही, असल्या गप्पा कोकणीत चालल्या होत्या. नर्स येता-जाता हसत होती. विमानातून उतरून रात्रभर जोहान्सबर्गच्या बाकावर काढली असती, तर अम्मी त्या खुर्चीवर बसू शकली नसती. माणशी नऊ हजार रुपये जास्त का दिले, ते मला तिथे कळले.

डायलिसिस नसलेल्या एका दिवशी खालाने आम्हाला बो-काप भागात नेले. डॉर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद १७९४ सालची, त्या देशातली सर्वांत जुनी मानली जाते. डचांनी पूर्वेकडून बंदी करून आणलेल्या तुआन गुरूंनी रॉबेन बेटावर कैदेत असताना कुरआन आठवणीतून लिहून काढले होते. अम्मीने तिथे दोन रकात नफ्ल पढली आणि बहिणीसाठी दुआ मागितली.

तुमच्याही घरातले कोणी जोहान्सबर्ग, डर्बन किंवा लुसाकाला असेल आणि तुम्ही तिकीट बघत असाल, तर भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी बघा. प्रवास कोण करणार आहे, त्याचे वय काय, वाटेत किती तास आणि कुठे थांबायचे, लस लागते का, तिकीट एक आहे की दोन, हे आधी लिहून काढा. व्हिसा आणि लसीचे नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यातच त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करा. मग उरलेल्या तिकिटांतले स्वस्त ते खुशाल घ्या.

निघताना खाला म्हणाली, "आपा, पुन्हा ये." अम्मी म्हणाली, "इन्शाअल्लाह." घरी आल्यावर मी भिशीत पुन्हा नाव घातले आहे.