चादरीतला वाळा

मातान्तच्या भाचीने कपाट रिकामं करायला काढलं तेव्हा मदतीला मला बोलावलं. पलंगपोस, उशांचे अभ्रे, इस्त्री करून चौकोनी घड्या घातलेले टेबलक्लॉथ. सगळ्यात खालची चादर उलगडली आणि माझे हात थांबले. वाळा. ब्रुकलिनमध्ये, भर जानेवारीत, खोलीतला हीटर धडधडत असताना अकोल्याच्या एप्रिलचा वास. घडीच्या पोटात दोऱ्याने बांधलेली मुळ्यांची जुडी होती. इतकी जुनी की बोट लागताच भुगा झडला. भाची म्हणाली, हा कचरा टाकून देते. मी तिच्या हातातून ती जुडी काढून घेतली.

मातान्त माझी कोणी नव्हती. वरच्या मजल्यावर राहायची. हैतीतली माणसं मावशीला, आत्याला मातान्त म्हणतात. आमची सगळी इमारतच तिला तसं म्हणायची, मीही म्हणू लागले. ती मला ‘शेरी’ म्हणायची, पण रागावली की नुसतं ‘ए, इंडिया’.

आमची ओळख वाळ्यानेच झाली. मी तिथे नवी होते, उन्हाळा होता. येताना आईने साड्यांच्या घड्यांत वाळ्याच्या जुड्या खोचून दिल्या होत्या. माठ कुठून आणणार? म्हणून मी काचेच्या जगमध्ये एक जुडी सोडून ठेवली होती. मातान्त खाली आली ती छतातून पाणी गळतंय का, हे विचारायला. घामाघूम झाली होती, म्हणून मी ग्लासभर पाणी दिलं. ग्लास ओठांपाशी नेऊन ती थांबली. मग जग उचलला, आत हात घातला आणि जुडी बाहेर काढली. ओट्यावर, फरशीवर, तिच्या नर्सिंग होमच्या पांढऱ्या गणवेशावर पाणी ठिबकत राहिलं. ‘हे तुझ्याकडे कुठून आलं?’ आवाजात चक्क जाब होता. मी म्हटलं, हे आमचं आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्यात घालतात. ‘तुमचं नाही,’ ती म्हणाली, ‘हे ले कायचं आहे.’

ले काय हे हैतीच्या दक्षिण टोकाकडचं शहर. त्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर वाळा पिकतो. जगातल्या वाळ्याच्या तेलापैकी निम्म्याहून जास्त तेल या एका लहानशा देशातून येतं, हे मला फार नंतर कळलं. त्या दुपारी मला ती बाई हट्टी वाटली आणि तिला मी. वाळा मूळचा आपल्या भूमीतला, पण तिच्या लेखी तिच्या वडिलांच्या उतारावर जे उगवलं ते तिचं होतं. त्यात चूक तरी काय?

माझ्या लहानपणी वाळा म्हणजे दाराला लावलेली ताटी. दुपारी त्यावर पाणी मारायचं काम आम्हा मुलांकडे असे. आजी रांजणात जुडी टाकायची आणि चार दिवसांनी काढून उन्हात वाळवायची. कुठे उगवतो, कोण खणतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. ते मातान्तने सांगितलं. वर दिसतं ते गवत, त्याला वास नसतो. सगळा वास मुळांत, आणि मुळं जातात सरळ खाली, माणसाहून खोल. पीक तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मग कुदळीने अख्खा ठोंब उपसायचा, माती झटकायची, मुळ्या तोडायच्या, भारे बांधून डोक्यावरून खाली आणायच्या. भट्टीत त्या तासन्‌तास वाफेवर ठेवतात, आणि शंभर किलो मुळ्यांतून जेमतेम किलोभर तेल निघतं. ती हे सांगताना हात असे खाली-खाली न्यायची की मला वाटायचं, स्वयंपाकघराच्या फरशीखाली माती आहे.

१९५७ मध्ये हैतीत निवडणूक झाली. फ्रान्स्वा दुव्हालिएर निवडून आला आणि लुई देज्वा हरले. देज्वा शेतीतज्ज्ञ होते, सिनेटर होते, सुगंधी तेलांचा धंदा हैतीत उभा करणाऱ्यांपैकी होते. दक्षिणेत त्यांना मानणारे पुष्कळ. मातान्तचे वडील त्यांतले एक, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. पुढे देज्वांनाच देश सोडावा लागला. उतारावरच्या एका शेतकऱ्याने काय करायचं? रात्री दारावर दुव्हालिएरच्या माणसांची थाप पडली की घरातल्या मोठ्या मुलांनी मागच्या बाजूने वाळ्याच्या ताटव्यात जाऊन निजायचं, एवढं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. गवत उंच असे. मातान्त तिथे निजली आहे. मुळांचा वास गवताला नसतो, ती म्हणायची, म्हणून लपणाऱ्याला त्या वासाचा आधार मिळत नाही.

एके वर्षी वडिलांनी ताटवा वेळेआधीच उपसला. मुळ्या कोवळ्या होत्या, तेल कमी देणाऱ्या, भाव पडून मिळाला. त्या पैशात काही उसनवार घालून मातान्तचं न्यूयॉर्कचं तिकीट आलं. हैतीतल्या डोंगरांवर वाळा हीच बँक आहे. फी भरायची असो, मयत असो, पोरीला परदेशी धाडायचं असो, गरज लागली की उपसायचं, पीक तयार असो वा नसो. निघताना आईने तिच्या चादरीत एक जुडी ठेवली. आमच्या दोघींच्या आया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, आणि दोघींनी लेकीच्या सामानात एकच वस्तू खोचली. मी हे मातान्तला म्हटलं तेव्हा ती बराच वेळ माझा हात धरून बसली होती.

तिच्या तोंडून ‘माझा देश’ हे शब्द निघाले की पाठ ताठ व्हायची. भिंतीवर निळा-तांबडा झेंडा, शेजारी हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता तूसँ लुव्हर्त्यूरचं चित्र. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, १ जानेवारी १८०४ ला, आणि जगात असं दुसरीकडे कुठेही घडलं नाही, हे ती इमारतीतल्या प्रत्येक मुलाला सांगायची. दर एक जानेवारीला भोपळ्याचं सूप वाटायची. त्या सूपावर खूप लिहिलं गेलं आहे. मला तिची दुसरी एक गोष्ट जास्त आठवते.

१९९० मध्ये अमेरिकन सरकारी यंत्रणेने ठरवलं की हैतीच्या माणसांचं रक्त घ्यायचं नाही. एड्सची भीती. नावानिशी एक अख्खी जमात दूषित ठरवली गेली. मातान्त तेव्हा नर्सिंग होममध्ये अमेरिकन म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती, भरवत होती. २० एप्रिलला हैतीची माणसं ब्रुकलिन पुलावरून चालत गेली, पन्नास हजारांहून अधिक. ती रात्रपाळी करून, गणवेश न बदलता, तशीच गेली. पूल पायांखाली हलत होता, म्हणायची. वर्ष संपायच्या आत ती बंदी उठली. ‘त्या दिवशी मी ह्या शहराची झाले,’ ती म्हणायची, आणि लगेच जोडायची, ‘ले कायची तर होतेच.’

पुन्हा ती पहिली दुपार. जुडी बाहेर काढल्यावर ती मला ओरडली होती: ‘पाण्यात? ही चादरीत ठेवायची वस्तू आहे!’ मी जुडी परत मागितली. तिने दिली नाही. ओली जुडी मुठीत दाबून तिने पाणी पिळलं, मनगटाला लावलं आणि खुर्चीवर बसून राहिली. छताची चौकशी राहूनच गेली.

तिला ले कायला परत जायचं होतं. हे ती दर वर्षी म्हणायची, आणि त्यात उसासा नसायचा, बेत असायचा. आई गेली तेव्हा ती धावत जाऊन आली, पण टेकडीवर जाणं झालं नाही. पुढे मुलांच्या फिया, घराचं कर्ज. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तसं हैतीच्या कायद्याने ती परकी झाली, कारण तिथल्या घटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नव्हतं. ते २०१२ मध्ये कुठे बदललं, तेही मर्यादेत. पैसे मात्र त्या सगळ्या वर्षांत महिन्याच्या महिन्याला जात होते. १९९१ मध्ये अध्यक्ष आरिस्तीद यांनी परदेशातल्या हैतीयनांना देशाचा दहावा विभाग म्हटलं. देशात तेव्हा नऊ विभाग होते. मातान्तला त्याचा फार अभिमान. मग २००३ मध्ये नीप नावाचा नवा विभाग झाला, तोही तिच्याच दक्षिणेकडे, आणि दहावा क्रमांक त्याला गेला. ‘आम्ही आता अकरावे,’ ती म्हणाली आणि ते तिने मनाला लावून घेतलं.

मग संकटांची रांग लागली. २०१० चा भूकंप राजधानीकडचा. २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळ दक्षिणेवरूनच गेलं. १४ ऑगस्ट २०२१ ला दक्षिणेत ७.२ चा भूकंप, २,२०० हून अधिक माणसं गेली. तिची बहीण वाचली, घर राहिलं नाही. त्याआधीच, त्या जूनपासून, पोर्ट-ओ-प्रिन्समधून दक्षिणेला जाणारा महामार्ग मार्तिसाँपाशी बंदूकवाल्या टोळ्यांनी ताब्यात घेतला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानीत उतरणाऱ्या अमेरिकन विमानावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिथली अमेरिकन उड्डाणंही थांबली. त्या विमानतळाला नाव तूसँ लुव्हर्त्यूरचं. मातान्तने ती बातमी बंद केली आणि कपाटातल्या चादरी काढून पुन्हा घड्या घालायला बसली.

माझा एक राग आहे, तो इथेच सांगते. मॅनहॅटनमधल्या एका महागड्या दुकानात मातान्तला घेऊन गेले होते, तिच्या वाढदिवसाला वाळ्याचं अत्तर द्यायचं म्हणून. विक्रेत्या मुलीने पट्टीवर थेंब टाकला, पॅरिसची परंपरा सांगितली, परफ्युमरची कीर्ती सांगितली. मातान्तने पट्टी हुंगली आणि म्हणाली, ‘हा आमच्या टेकडीचा वास आहे.’ मुलगी हसली, अशी की म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं. खोक्यावर पॅरिसचा पत्ता होता. मी खरेदी न करता तिला बाहेर आणलं. अजून कुठे अत्तराची ती चौकोनी बाटली दिसली की माझं डोकं तापतं. पण या रागाचं मूळ जुनं आहे. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? फ्रेंच मळेवाल्यांनी गमावलेल्या मालमत्तेचे, ज्यात गुलाम माणसंही होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी स्वतःची किंमत मोजायची. १८३८ मध्ये रक्कम कमी झाली, पण तिच्यापायी काढलेली कर्जं फेडता फेडता १९४७ उजाडलं. मातान्तचा जन्म त्याच सुमाराचा. मुळ्या उपसणारा, कर्ज फेडणारा आणि खोक्यावर ज्याचं नाव नाही तो, हे तिघेही एकच माणूस आहेत.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ती अंथरुणातच होती. हैतीने निकाराग्वाला २-० हरवलं आणि फुटबॉल विश्वचषकात जागा मिळवली, १९७४ नंतर पहिल्यांदा. सामना कुरासाव बेटावर झाला, कारण स्वतःच्या देशात त्यांना खेळता येत नव्हतं. प्रशिक्षकाने हैतीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. कितीतरी खेळाडू परदेशात जन्मलेले. मातान्तच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीने होतो, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. ती म्हणाली, ‘तारीख बघा, तारीख!’ १८ नोव्हेंबर १८०३, व्हेर्तिएरची लढाई, फ्रेंच फौजेचा शेवटचा पराभव. १९७४ मध्ये इमानुएल सानोनने इटलीचा गोलरक्षक डिनो झॉफ याला चकवून गोल केला होता, तो तिने उशीवरून हातवारे करून पुन्हा दाखवला. देशात न गेलेली मुलं देशासाठी जिंकली, आणि देशात जाता न येणारी बाई त्यांच्यासाठी नाचली, हातांनीच. डिसेंबरात ती गेली.

त्या आजारपणातच तिने मला बेत नीट सांगितला होता. घर बांधायचं नव्हतं, समुद्र पाहायचा नव्हता. वडिलांच्या उतारावर वाळ्याची एक आडवी रांग लावायची होती, आणि ती कधीच उपसायची नव्हती. वाळा उपसला की उताराची माती मोकळी होते आणि पावसात वाहून जाते. दरवर्षी टेकडी थोडी थोडी समुद्रात जाते. तोच वाळा रांगेत लावून तसाच ठेवला तर तो माती धरून ठेवतो. १९८० च्या दशकात भारतातल्या पाणलोटाच्या कामांत हेच गवत बांधावर लावायला सांगत होते, मी तिला म्हटलं. तिला नवल वाटलं नाही. ‘तिकिटासाठी उपसलेला परत लावायचा आहे,’ ती म्हणाली.

भाचीचा मुलगा ब्रुकलिनमध्ये जन्मला, हैतीत कधी गेलेला नाही. मायामीहून उत्तरेतल्या काप-आयिस्यँला विमानाने जायचं त्याने ठरवलंय, राजा आन्री क्रिस्तोफने बांधलेला सिटाडेल किल्ला बघायला. त्याची आई नको म्हणते. परवा आम्ही कपाटाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो तेव्हा ले कायहून मातान्तच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मुलाने तिला बेत सांगितला. किल्ला बघ, ती म्हणाली, तो चांगला आहे, पण मग रस्ता उघडेल तेव्हा इकडे ये. कुदळ धरता येते का? येत नाही, तो म्हणाला. मग लावायला ये, लावायला कुदळीहून जास्त पाऊस लागतो. एप्रिल-मेमध्ये ये, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मुलाने महिने फोनमध्ये टिपून घेतले आणि विचारलं, रांग केवढी लावायची? ती म्हणाली, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत. त्याच्याशी मी बोलून ठेवलंय.