निश्चिंत झुंबरे

मुंबईत चर्नी रोड स्टेशनावर उतरून पूर्वेकडे चालू लागलात, की दहा-पंधरा मिनिटांत रॉयल ऑपेरा हाउस लागते. या नाक्याचे नाव मुंबईकराच्या तोंडी रोजचे. पण त्या नाटकगृहात पाऊल टाकलेली माणसे मोजकीच. १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर इथे घुमले. पुढे नाटकांच्या जागी चित्रपट आले आणि १९९३ मध्ये दारेच बंद झाली. ती पुन्हा उघडली २०१६ च्या ऑक्टोबरात, जीर्णोद्धारानंतर.

आत शिरताच मान आपोआप वर जाते. प्रवेशदालनात दोन भव्य झुंबरे लटकत असतात. ही ससून घराण्याची देणगी. त्यांच्या भायखळ्याच्या हवेलीचे नाव 'सां सूसी'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'निश्चिंत'. झुंबरेही त्याच नावाने ओळखली जातात. हवेलीत आता मसीना हॉस्पिटल आहे.

जुने झुंबर पुन्हा उजळायचे म्हणजे शिडीवर चढून फडके फिरवायचे, असे नव्हे. आधी त्याची छायाचित्रे घेतात. मग लोलकांवर क्रमांक घालून ते एकेक उतरवतात आणि कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतात. त्यांना अडकवणाऱ्या पितळी तारा झिजलेल्या असल्या, तर बदलतात. विजेच्या जुन्या तारांचे आवरण तडकलेले असते. तिथे नव्या तारा ओवाव्या लागतात, त्याही बाहेरून दिसू न देता. हरवलेल्या लोलकाला जोडीदार शोधायचा, तर घाट जुळून भागत नाही. काचेची झाकही जुळावी लागते.

एवढे सगळे करूनही एका चुकीच्या दिव्याने श्रम वाया जातात. लोलकाला पैलू पाडलेले असतात ते ज्योतीसारख्या इवल्या, प्रखर बिंदूसाठी. तो बिंदू पैलूंत फुटला, की रंग सांडतात. दुधी काचेचा पसरट, पांढरा दिवा लावला, तर उजेड भरपूर पडतो, पण लोलक मुके होतात. म्हणून सांभाळायची ती काच आणि काचेइतकाच तिचा उजेड. पणत्या मांडून झाल्यावर जी आजी दिवाणखान्यातली ट्यूब मालवायला सांगते, तिला हे शास्त्र शिकवावे लागत नाही.

वाड्यांतल्या हंड्या-झुंबरे आपण मोडीत घातली, ती बहुधा 'उजेड कमी पडतो' म्हणूनच. एखादे अजून माळ्यावर गुंडाळलेले असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एक लोलक धुऊन ज्योतीसमोर धरून पाहा. आणि ऑपेरा हाउसला कार्यक्रमाला जाल, तेव्हा घंटेच्या पाव तास आधी पोहोचा. तेवढा वेळ त्या झुंबरांखाली हवाच.